अर्ज भरला, त्याआधीच्या एका सकाळीबद्दल

आदरणीय ताई,

सा. न. वि. वि.

होमी भाभा राष्ट्रीय संस्थानाच्या न्यूक्लिअर मेडिसिन (किरणोत्सारी औषध शरीरात सोडून तपासणी आणि उपचार करण्याचे शास्त्र) तंत्रज्ञानातील एम.एस्सी.साठी काल अर्ज भरला. निवड होईल न होईल, पण आभार निकालाआधीच मानावेत असे वाटले. आणि या वाटेवर येऊ पाहणाऱ्या इतरांच्याही कामी यावे, म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे.

परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये १९६३ पासून हे काम चालू आहे, आणि सांगलीत भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. करताना तीन वर्षांत मला त्याचा पत्ताही नव्हता. 'एक्स-रेचाच मोठा कोर्स' असे कुणीतरी सांगितले होते आणि मी ते खरे धरून चालले होते. अर्जातल्या 'हेच क्षेत्र का' या प्रश्नाचे दोन पानी उत्तर मी आपल्याकडे तपासायला पाठवले, तेव्हा आपण त्यातले एक अक्षरही न सुधारता, 'मंगळवारी सकाळी सातला ये, रिकाम्या पोटी येऊ नकोस,' एवढेच कळवलेत.

माझ्याकडे किरणोत्सर्ग मोजणारा बॅज नसल्याने हॉट लॅबच्या, म्हणजे किरणोत्सारी औषधे तयार करायच्या खोलीच्या, आत पाऊल टाकायचे नव्हते. काचेपलीकडून मी पाहत होते : शिशाच्या विटांच्या आडोशाला आपण जनरेटर नावाच्या उपकरणातून टेक्नेशियम हे किरणोत्सारी द्रव्य काढलेत, कुपी चिमट्याने उचलून किरणोत्सारिता मोजणाऱ्या डोस कॅलिब्रेटरमध्ये सोडलीत आणि मिलिक्युरी या एककातला आकडा वहीत टिपलात. मग बाहेर येऊन विचारलेत, 'सातला चाळीस मिलिक्युरी आहे, अर्धायुष्य सहा तास. संध्याकाळी सातला किती?' सहा तासांत निम्मे म्हणजे बारा तासांत सगळे संपले, असे मी ठोकून दिले. पदवीधर मुलीने असे उत्तर द्यावे याची आजही लाज वाटते. आपण हसला नाहीत. कोपऱ्यातल्या शिशाच्या डब्याकडे बोट दाखवून म्हणालात, 'दहा उरतात, म्हणून कालच्या सिरिंज अजून तिथेच आहेत.' पुस्तकातला घातांकी ऱ्हास, म्हणजे दर अर्धायुष्यात उरलेल्याचे निम्मे होणे, मला त्या डब्याने समजावला.

त्याच दिवशी हाडांच्या स्कॅनसाठी आलेल्या एका आजींना किरणोत्सारी औषधाचे इंजेक्शन दिल्यावर तीन तास थांबायचे होते. त्या घाबरून, 'आता मी नातवाला जवळ घ्यायचं नाही का?' असे विचारत राहिल्या, आणि मागे रुग्णांची रांग असतानाही आपण त्यांच्याशेजारी बसून, भरपूर पाणी प्या, लघवीला वरचेवर जा, आजचा दिवस नातवाला मांडीवर घेऊ नका, असे एकेक करून सांगितलेत. एक्स-रेत किरण यंत्रातून निघतात. इथे ते रुग्णाच्या शरीरातून येतात आणि गॅमा कॅमेरा फक्त ते टिपतो. हा फरक आपण मला शब्दांत कधीच सांगितला नाहीत, पण आजींशी आपले बोलणे ऐकताना तो आपोआप कळला.

घरी परतताना एस.टी.तच ती दोन पाने फाडून टाकली. 'रुग्णसेवेची लहानपणापासून आवड' हे वाक्य तर खोटेच होते. नव्या उत्तरात फक्त माझे चुकलेले गणित आणि त्या आजींचा प्रश्न आहे. ते पाऊण पानच भरले.

आपली अर्धायुष्यांच्या तक्त्याची वही अजून माझ्याकडेच आहे. पुढच्या मंगळवारी ती परत करायला येते, सातच्या आधी, नाश्ता करून.

आपली कृतज्ञ,
मंगळवारची विद्यार्थिनी