कंपवाताच्या रुग्णांना सायकल द्या, आणि शेजारी माणूसही

माननीय आरोग्यमंत्री,
स. न. वि. वि.

कंपवाताच्या, म्हणजेच पार्किन्सन्सच्या, रुग्णांना व्यायाम शिकवणे हे माझे रोजचे काम. त्यांच्या वतीने एक मागणी करते: सरकारी रुग्णालयांत जागेवरच्या सायकलचा व्यायाम पार्किन्सन्सच्या उपचाराचा नियमित भाग व्हावा.

लेव्होडोपा या कंपवातावरच्या मुख्य औषधाने आखडलेली हालचाल सुटते. पण तोल जाणे, दारात किंवा वळताना पाय जमिनीला चिकटणे यांवर गोळी अनेकदा अपुरी पडते. पडण्याच्या धास्तीने माणूस खुर्ची सोडत नाही, बसून पायांतले बळ जाते आणि मग तो खरोखरच पडतो.

२०१० मध्ये नेदरलँड्समधील डॉक्टरांनी एका रुग्णाची नोंद प्रसिद्ध केली. त्याला चार पावले टाकणे कठीण होते, सायकल मात्र तो सहज चालवत होता! त्याच देशातली चाचणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. १३० रुग्णांपैकी एका गटाने सहा महिने, आठवड्यातून तीनदा, ३० ते ४५ मिनिटे घरीच सायकल चालवली; दुसऱ्याने स्नायू ताणण्याचे व्यायाम केले. औषधाचा असर उतरलेला असताना तपासले, तेव्हा सायकल चालवणाऱ्यांची हालचाल अधिक चांगली टिकली होती.

एकट्या सायकलने तोल सुधारेल, असे मी म्हणणार नाही. तो उभे राहून, वळून, पावले टाकूनच शिकवावा लागतो. त्यासाठी लागणारा दम आणि पायांतली ताकद मात्र सायकलवर पडण्याची भीती न बाळगता कमावता येते.

म्हणूनच नुसती यंत्रे खरेदी करून थांबू नका. यातल्या अनेकांचा रक्तदाब उभे राहताच घसरतो, काहींच्या हृदयाची गती श्रमाच्या प्रमाणात वाढत नाही. आधी हृदयाची तपासणी हवी, औषधाचा असर असतानाची वेळ हवी, आणि सायकलवरून उतरताना हात धरायला प्रशिक्षित माणूस हवा. व्यायामाच्या दहा-बारा सत्रांनंतर रुग्णाचे नाव कमी करण्याची पद्धतही थांबवा. हा आजार वर्षानुवर्षे चालतो, व्यायाम सुटला की कमावलेला दम ओसरतो. ज्यांना रुग्णालयात येणे झेपत नाही, त्यांना घरी सायकल आणि फोनवरून देखरेख मिळावी.

येत्या अर्थसंकल्पात सायकलींसोबत फिजिओथेरपिस्टच्या पदांचीही तरतूद करावी, ही विनंती.

आपली,
एक फिजिओथेरपिस्ट