दुखणं अंगावर काढू नका

पुणे

तीर्थरूप नाना आणि आईस,
साष्टांग नमस्कार.

यावलकडे ऊन तापायला लागलं, म्हणजे आईची ज्वारीच्या बिबड्यांची, आपल्या खानदेशी पापडांची, तयारी सुरू झाली असणार. आई, बिबडे जरूर कर, पण जमिनीवर तासन्‌तास बसून नको. टेबल-खुर्ची घे आणि वीस मिनिटांनी उठून अंगणात फेरी मार. गुडघा दुखायला लागायच्या आधीच उठायचं. बरं वाटलं की तू सगळं घर आवरायला काढतेस, मग दोन दिवस खाटेवर. त्यापेक्षा रोजचं काम रोज, थोडं थोडं.

खुर्चीत बसल्या बसल्या एक पाय सरळ करून पाच मोजेपर्यंत धर, मग दुसरा. दहा-दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. मांडीचे स्नायू बळकट झाले की गुडघ्यावरचा भार कमी होतो. तिळाचं तेल चोळतेस ते छान, पण व्यायाम त्याहून महत्त्वाचा.

नाना, केळीचा भाव पडला की तुमची कंबर धरते, हे आई उगाच म्हणत नाही. काळजीने स्नायू आवळतात, झोप मोडते आणि तेच दुखणं जास्त ठणकतं. दुखणं तीन महिन्यांहून जास्त टिकलं की मज्जासंस्थाही हळवी होऊ शकते, म्हणून नुसत्या मलमाने भागत नाही. रात्री आडवं झाल्यावर दहा मिनिटं सावकाश श्वास घ्या. चार मोजेपर्यंत आत, सहा मोजेपर्यंत बाहेर. सकाळी उन्हाआधी बांधावरून चालून या. घड मात्र आता गड्यांनाच उचलू द्या, एवढं माझं ऐका.

शेक पंधरा मिनिटंच, पिशवीवर टॉवेल गुंडाळून. तुम्हाला शुगर आहे, पायाला चटका कळत नाही. पिशवी आधी आईच्या हाताला लावून बघा.

सगळ्यात जास्त धास्ती मला मेडिकलवरून आणलेल्या डायक्लोफेनॅकच्या, म्हणजे त्या दुखण्यावरच्या गोळ्यांच्या, पाकिटाची वाटते. अशा गोळ्यांनी बीपी वाढू शकतं, जठराला आणि मूत्रपिंडाला इजा होऊ शकते, त्यात आपल्याकडच्या उन्हात अंगातलं पाणी कमी झालेलं असलं तर धोका वाढतो. डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी नको. आणि पायातली ताकद गेली, लघवीवरचा ताबा सुटला, किंवा ताप येऊन सांधा लाल होऊन सुजला, तर घरचे उपाय बाजूला ठेवून लगेच दवाखाना गाठा. रात्र असली तरी.

रविवारी फोन करेन तेव्हा दोघांनीही सांगायचं, व्यायाम झाला का, झोप लागली का. नाना, ‘ठीक आहे’ एवढ्यावर फोन आईकडे देऊ नका.

तुमची,
ताई