न मिटलेल्या टर्मिनलबद्दल आभार

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

वारंवार चुकीचा पासवर्ड देणाऱ्याचे खाते काही काळ बंद राहावे, म्हणून मी त्या रात्री डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) सर्व्हरवरील पॅमची, म्हणजे लॉगिन तपासणाऱ्या यंत्रणेची, कॉमन-ऑथ ही फाइल हाताने बदलत होतो. पासवर्ड जुळवणारे पॅम-युनिक्स आणि प्रवेश नाकारणारे पॅम-डिनाय यांच्या ओळींमधे चुकीचे प्रयत्न मोजणाऱ्या पॅम-फेललॉकची ओळ बसवून मी रूटचे (सर्वाधिकारी खात्याचे) टर्मिनल, म्हणजे आज्ञा देण्याची खिडकी, मिटणार, इतक्यात आपण फोनवरून म्हणालात, "ते राहू द्या, आधी दुसऱ्या खिडकीतून लॉगिन करून पाहा." हे पत्र मुख्यतः त्या एका वाक्यासाठी आहे.

दुसऱ्या खिडकीत माझा बरोबर पासवर्डही नाकारला गेला आणि सुडो (तात्पुरते रूटचे अधिकार देणारी आज्ञा) हाही त्याच फाइलवर विसंबून असल्यामुळे तो मार्गही खुंटला. पॅमची फाइल प्रत्येक नव्या लॉगिनला वाचली जाते, त्यामुळे चूक जतन होताक्षणी लागू झाली होती. एसएसएच-कीने (पासवर्डऐवजी किल्ली-फाइल वापरून दुरून) येणाऱ्यांना पॅमच्या ऑथ, म्हणजे ओळख तपासणाऱ्या, ओळी लागतच नाहीत, त्यामुळे त्यांना लॉगिन करताना काही जाणवले नसते आणि बिघाड सकाळपर्यंत लपून राहिला असता.

जुनी प्रत परत ठेवून विषय तिथेच संपवता आला असता, परंतु आपण मला ती फाइल ओळीओळीने मोठ्याने वाचायला लावलीत. पॅम-युनिक्सच्या ओळीत 'सक्सेस=१' होते, म्हणजे पासवर्ड जुळल्यास पुढची एक ओळ ओलांडायची. पूर्वी ती उडी डिनायच्या पलीकडे, प्रवेश देणाऱ्या परमिटच्या ओळीवर पडत असे. मी मधे ओळ घातल्यावर ती नेमकी डिनायवर पडू लागली. १ चे २ केले आणि दार उघडले. (तो आकडा मी कितीदा तरी पाहिला होता, वाचला मात्र कधीच नव्हता.)

सुडो कोणी वापरावा हे ठरवणारी सुडोअर्स फाइल व्हिसूडो या आज्ञेने उघडली तर व्याकरणाची चूक जतन होण्याआधीच समजते. सांकेतिक रूपातले पासवर्ड ठेवणाऱ्या शॅडो फाइलसाठी विपडब्ल्यू-एस ही आज्ञा आहे, ती फाइलला कुलूप लावते आणि त्यामुळे दोघांचे बदल एकमेकांवर लिहिले जात नाहीत. पॅमच्या फाइलला असा पहारेकरी नाही, हे आपण सांगितल्यावरच माझ्या ध्यानात आले. तेव्हापासून मालकी आणि परवानग्या कायम ठेवून घेतलेली प्रत, उघडे रूट-टर्मिनल आणि मुद्दाम चुकीचा पासवर्ड देऊन केलेली चाचणी, यांवाचून मी त्या फाइलला हात लावत नाही. पॅम-ऑथ-अपडेट या साधनाला प्रोफाइल (कोणत्या ओळी हव्यात ते सांगणारी फाइल) दिल्यास उड्यांचे आकडे ते स्वतः मोजते, ही आपली सूचनाही आता अमलात आली आहे.

कळावे,
आपला कृतज्ञ सहकारी