सहावी दाढ दुधाची नसते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सात-आठ वर्षांच्या मुलाची खालची शेवटची दाढ किडून अर्धी झालेली असते आणि सोबत आलेले पालक निर्धास्त असतात : 'दुधाचीच आहे ना, पडेल.' दंतवैद्यांकडे हे वाक्य इतक्या वेळा ऐकू येते की त्याबद्दल एकदा जाहीरपणे लिहायला हवे. ती दाढ दुधाची नसते. ती जन्मभर पुरवायची असते आणि बऱ्याचदा दहाव्या वर्षाच्या आतच काढावी लागते.

गैरसमजाचे कारण साधे आहे. दुधाचे दात एकूण २०, म्हणजे वरच्या आणि खालच्या जबड्याच्या प्रत्येक बाजूला पाच. साधारण सहाव्या वर्षी या पाचव्याच्या मागे, मोकळ्या हिरडीतून, कायमची पहिली दाढ डोके वर काढते. तिला जागा द्यायला कुठलाच दात पडत नाही. पुढचा दात पडला की तो उंदराच्या बिळात टाकण्याचा घरभर सोहळा होतो. ही मात्र गुपचूप येते. ओळखायची असेल तर मुलाला उजेडात बसवून, मधल्या दोन दातांमधल्या रेषेपासून एका बाजूला मोजत जावे. पडलेल्या दाताची रिकामी जागाही मोजायची. सहावी येईल ती कायमची, मग पुढचे दात बदललेले असोत वा नसोत.

ही दाढ किडते लवकर, आणि त्यात दर वेळी चॉकलेटचाच दोष असतो असे नाही. तिच्या माथ्यावरच्या खाचा इतक्या अरुंद असतात की ब्रशचा केस त्यांत शिरत नाही. पूर्ण वर यायला तिला वर्षभर, कधी त्याहून जास्त लागते. तोवर अर्ध्या भागावर हिरडीची झालर असते आणि तिच्याखाली अन्न साचते. शेजारची दुधाची दाढ उंच असल्याने नेहमीसारखा मागे-पुढे फिरवलेला ब्रश तिच्यावरूनच निघून जातो, ठेंगणी दाढ तशीच राहते. म्हणून या काळात ब्रश गालाच्या बाजूने आडवा घालून फक्त त्या एका दाढेवर फिरवावा लागतो, आणि हे काम पालकांनीच करायचे आहे. सहा वर्षांच्या मुलाचा हात तिथवर नीट पोहोचत नाही. पेस्टमध्ये फ्लोराइड १००० पीपीएमच्या (दहा लाख भागांत हजार भाग) आसपास आहे का, हे पाहावे. 'मुलांसाठी' म्हणून विकल्या जाणाऱ्या काही पेस्टमध्ये ते फारच कमी असते किंवा नसतेच. वाटाण्याएवढी पेस्ट पुरते. घासून झाल्यावर ती थुंकायची, पाण्याने खळखळून चुळा भरायच्या नाहीत. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतल्या काही भागांत भूजलातच फ्लोराइड जास्त आहे. तिथल्या पालकांनी पेस्टबद्दल आधी दंतवैद्याला विचारावे.

दाढ पुरेशी वर आली की खाचा बुजवून टाकता येतात. याला सीलंट म्हणतात. इंजेक्शन नाही, कोरणे नाही. दाढ स्वच्छ करून भोवती कापूस लावतात, फॉस्फोरिक आम्लाचा जेल १५ ते ३० सेकंद ठेवून धुतात, वाळवल्यावर पृष्ठभाग खडूसारखा पांढरा दिसला की पातळ रेझिन (प्लास्टिकसारखा पदार्थ) खाचांत सोडून निळ्या प्रकाशाने घट्ट करतात. एका दाढेला दहा-पंधरा मिनिटे. सगळी मेख कोरडेपणात आहे. जेल धुतल्यानंतर लाळेचा थेंब जरी लागला तरी सीलंट धरत नाही, ती पायरी पुन्हा करावी लागते. दाढ अर्धवट वर असेल किंवा मूल तोंड उघडे ठेवत नसेल, तर ओलावा सोसणारे ग्लास आयनोमर सिमेंट तात्पुरते भरणे शहाणपणाचे. सीलंटचा तुकडा निघू शकतो, म्हणूनच पुढची तपासणी चुकवायची नाही.

उशीर झाला तर काय होते? दाढ तोंडात दिसल्यानंतरही तिच्या मुळांची टोके पूर्ण व्हायला सुमारे तीन वर्षे लागतात. त्याआधी कीड दाढेच्या आतल्या नसेपर्यंत पोहोचली तर मुळाचे टोक उघडे आणि भिंती पातळ असतात. मोठ्यांसारखे रूट कॅनाल तिथे जमत नाही, उपचार लांबतो आणि महागतो. लवंगेच्या तेलाने ठणका दबतो, कीड पुढे जातच राहते. आठवडाभर ठणकलेली दाढ आपोआप शांत झाली तर आनंद मानू नये. बहुतेक वेळा आतली नस मेलेली असते आणि मुळाशी पू धरू लागलेला असतो. दाढ काढली तर बाराव्या वर्षी येणारी मागची दाढ पुढे कलते, समोरच्या जबड्यातली दाढ रिकाम्या जागेत उतरते आणि चावा बिघडतो.

'दर सहा महिन्यांनी' हा सरसकट नियम आम्हाला पटत नाही. कीड असलेल्या मुलाला तीन महिन्यांनी बोलवावे लागते. स्वच्छ तोंडाच्या मुलाला वर्षातून एकदा पुरते. सहा ते आठ या वयात मात्र सहा महिन्यांहून मोठी खंड नको, कारण चारही दाढा एकाच वेळी येत नाहीत.

२०१३ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात दातांचे विकार आहेत, आणि पथके शाळांत वर्षातून एकदा येणे अपेक्षित आहे. पण रांगेत उभे करून टॉर्च मारल्याने सुरुवातीची कीड दिसत नाही. ती खडूसारख्या पांढऱ्या डागाच्या रूपात असते आणि ओल्या दातावर लाळेची चमक तो डाग झाकते. कापसाने दाढ टिपून मग पाहिले तरच तो दिसतो. त्याला खर्च कापसाच्या बोळ्याचा. पुढील उपचारांसाठी मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालये आहेत, पण पालकांच्या हाती चिठ्ठी पडल्याशिवाय तिथवर कोण जाणार?

आरोग्य आणि शालेय शिक्षण विभागाकडे मागणी एवढीच : पहिली आणि दुसरीच्या मुलांच्या आरोग्य पत्रिकेत सहाव्या दाढेसाठी चार चौकटी छापाव्यात, वरची उजवी, वरची डावी, खालची उजवी, खालची डावी. प्रत्येकीत 'आलेली नाही', 'निरोगी', 'डाग', 'खड्डा' किंवा 'सीलंट केले' यांपैकी एक खूण करावी आणि पत्रिका त्याच दिवशी मुलासोबत घरी पाठवावी.

– बालदंतचिकित्सा करणारे काही दंतवैद्य, पुणे