डॉक्टर नेमका कोणाचा?

संपादक महोदय,

गेल्या रविवारच्या पुरवणीतला जुन्या अमेरिकी मालिकांवरचा लेख आवडला. ‘द इलेव्हन्थ अवर’ची आठवण आपल्याकडे कोणी काढेल असे वाटले नव्हते. एनबीसीवर १९६२ ते १९६४ अशी दोनच वर्षे चाललेली ही मालिका. पण ‘गुन्हेगाराला बरे करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञाची गोष्ट’ हे तिचे वर्णन मला खटकले. मी सरकारी मनोरुग्णालयात समाजसेवा अधीक्षक होते, त्यामुळे असेल कदाचित.

वेंडेल कोरीने रंगवलेला डॉ. बॅसेट हा कारागृह आणि पोलीस यंत्रणेचा सल्लागार. समोरचा माणूस त्याच्याकडे आपल्या पायांनी येत नाही, त्याला आणले जाते. अशा वेळी उत्तर हवे असते ते यंत्रणेला. आणि कायद्याचा प्रश्न फार अरुंद असतो. आपल्याकडे पूर्वीचे भारतीय दंड विधानाचे (भादंवि) कलम ८४, आता भारतीय न्याय संहितेचे कलम २२: कृत्य करताना ते काय आहे, चूक किंवा बेकायदा आहे, हे त्या माणसाला मनोविकारामुळे कळत नव्हते का? लहानपणी त्याला कोणी मारले, आई कधी गेली, हे सगळे ऐकायचे असते, पण प्रश्न तेवढाच राहतो.

बरे करण्याची गोष्ट वेगळीच. दुसऱ्या वर्षी कोरीच्या जागी राल्फ बेलामी आला. गंमत म्हणजे १९३९च्या ‘ब्लाइंड अ‍ॅली’ या चित्रपटात यानेच मानसशास्त्राचा प्राध्यापक केला होता. तुरुंगातून पळालेला गुंड त्याच्या घरात घुसतो, सगळ्यांना ओलीस धरतो आणि हा त्याला रोज पडणाऱ्या स्वप्नाचा अर्थ एका रात्रीत उलगडून दाखवतो. नाट्य म्हणून झकास. आमच्या वॉर्डात एका रात्रीत फार तर झोपेची गोळी लागू पडायची!

लेखात ‘द सोप्रानोज’लाही (१९९९-२००७) याच पंक्तीत बसवले आहे. तिथे माफिया टोळीचा म्होरक्या टोनी सोप्रानो स्वतःच्या पैशाने, चक्कर येऊन पडल्यावर, मानसोपचारतज्ज्ञ डॉ. मेल्फीकडे जातो. म्हणजे ती त्याची डॉक्टर. तरी पहिल्याच भागात ती बजावते, कोणाला इजा होणार असल्याचे कानावर आले तर मला पोलिसांना कळवावे लागेल. लगेच टोनी सावरतो. ज्या माणसाला त्याने गाडीखाली घेऊन मारहाण केली, त्याच्याबद्दल सांगतो, ‘आम्ही कॉफी प्यायलो.’ सहा हंगामांचे सगळे उपचार या कॉफीवर उभे आहेत, असे माझे मत. शेवटी मेल्फीच उपचार थांबवते. बोलण्याने असला माणूस सुधारत नाही, उलट अधिक तरबेज होतो, हे तिला पटते. तिथवर यायला तिला फार वेळ लागला, पण टोनीचे बोलणे ऐकताना आपणही हसत होतोच की.

कोर्टाने निरीक्षणासाठी पाठवलेला एक कच्चा कैदी मला अजून आठवतो. दोन दिवस तो भडाभडा बोलत होता. तिसऱ्या दिवशी माझ्या हातातल्या कागदाकडे बघून म्हणाला, ‘‘मॅडम, हे लिवताय ते जज्जसायबांकडं जाणार का?’’ मी हो म्हटले. त्याने चहाचा कप खाली ठेवला आणि पुढचा आठवडाभर फक्त जेवणाबद्दल बोलला.

– एक निवृत्त समाजसेवा अधीक्षक, पुणे