होडी कुठं लावायची, हे शिकवणाऱ्या दादांना

दादा, नमस्कार.

हे पत्र तुमच्या लेकीच्या मोबाइलवर येईल. तिला मोठ्यानं वाचायला सांगा, म्हणजे काठावरच्या बाकीच्या नावाड्यांनाही ऐकू जाईल. दर थंडीत आम्ही कॅमेरेवाले भिगवणजवळ कुंभारगावात येऊन थडकतो, उजनी धरणाच्या पाण्यावर सकाळ घालवतो आणि घरी जाऊन फोटो टाकतो. फोटोखाली लेन्स, शटर स्पीड, आयएसओ, सगळं लिहिलेलं असतं. होडी कुणी हाकली, ते मात्र नसतं. म्हणून तुमचे आभार चारचौघांत मानायचं ठरवलं.

मी रीतसर वर्ग करून आले होते. चौकटीचे उभे-आडवे तीन-तीन भाग पाडायचे, पक्षी मधोमध ठेवायचा नाही, तो ज्या बाजूला बघतोय तिकडं जागा सोडायची, हे सगळं तोंडपाठ होतं. पण हे झालं कॅमेरा डोळ्याला लावल्यानंतरचं. त्याआधी मुळात कुठं थांबायचं, हे वर्गात कुणी फारसं सांगत नाही. तुमची शिकवणी तिथूनच सुरू झाली.

चित्रबलाकांचा थवा (तुमच्या बोलण्यात ‘पेंटेड’) समोर चरत होता आणि तुम्ही त्याला लांबून वळसा घालून भलतीकडंच निघालात. मी विचारलं तर म्हणालात, "ऊन पाठीवर घेऊ, ताई, वारं बी पाठीवर घेऊ. मग ते आपल्याकडं तोंड करूनच उठत्यात." पक्षी वाऱ्याकडं तोंड करून उडतात आणि उतरतातही तसेच. थंडीत सकाळचं वारं बऱ्याचदा उगवतीकडूनच येतं, त्यामुळे ऊन आणि वारं एकाच अंगाला मिळतं. त्या एका वळशामुळे पाठमोऱ्या शेपट्यांच्या जागी पसरलेले पंख आणि थेट लेन्सकडं रोखलेले डोळे मिळाले. पुढं कुठल्याही पाणवठ्यावर गेले, तरी आधी वाऱ्याचा अंदाज घेते, मग बॅग उघडते.

फोकसचा मामला आणखी अवघड. शेकाट्या (लांब पायांचा पाणपक्षी) 10 मीटरवर उभा आहे, लेन्स 400 मिमी, अ‍ॅपर्चर (लेन्सचं प्रकाश आत घेणारं भोक) एफ 5.6, असं धरलं तर माझ्या क्रॉप (म्हणजे लहान) सेन्सरच्या कॅमेऱ्यात धारदार दिसणारा पट्टा जेमतेम 13 सेंटिमीटरचा असतो. वीतभरसुद्धा नाही. पक्षी तिरपा असला की डोळा स्वच्छ येतो आणि शेपूट विरघळते, नाहीतर उलट. हा हिशोब तुम्ही कधी मांडला नसेल, पण होडी पक्ष्याला समांतर आणून लावायची तुमची सवय त्याच हिशोबाची आहे. बाजूनं पाहिलं की चोच, डोळा, पंख आणि ते काटकुळे गुलाबी पाय जवळपास एका पातळीत येतात, आणि तेवढ्याशा पट्ट्यात पक्षी मावतो.

त्यात होडी कधीच स्थिर नसते. एकदा धरलेला फोकस होडी जराशी सरकली की वाया जातो. म्हणून पक्षी नुसता उभा असला तरी होडीतून कंटिन्युअस ऑटोफोकसच (आपणहून सतत फोकस साधत राहणारा) लावायचा, फोकसचा एकच बिंदू निवडायचा आणि तो डोळ्यावर ठेवायचा. उभ्या पक्ष्यालाही शटर 1/1000 सेकंदाहून मंद ठेवायचं नाही, उडत्याला 1/2000 किंवा त्याहून जलद. हे आकडे कुणीही सांगेल. तो बिंदू डोळ्यावर टेकवायला जी उसंत लागते, ती मात्र तुम्ही मिळवून देता. शेवटच्या टप्प्यात वल्हं आत घेता, बांबू गाळात रोवता आणि होडी त्याला धरून ठेवता. गाळातून बुडबुडे वर येतात. ते थांबेपर्यंत तुम्ही हलत नाही आणि मलाही कॅमेरा उचलू देत नाही.

गाळ कुठं आहे, हे तरी आम्हाला कुठं ठाऊक? धरण 1980 साली पुरं झालं आणि गावं, शेतं पाण्याखाली गेली. पाणी उतरेल तसं कुठला बांध आधी वर येणार, हे तुम्हाला घरातल्या खोल्यांसारखं माहीत. उथळ पाणी तिथं पक्षी, एवढं आम्हीही पुस्तकात वाचलेलं असतं. पण तो बांध दिसायच्या आधीच तुमची होडी तिथं पोचलेली असते.

मग पुढच्या फळीवर पालथं पडायचं. पहिल्यांदा तुम्ही सांगितलंत तेव्हा लाज वाटली होती, पण फरक ताबडतोब दिसला. उभ्यानं फोटो काढला की पक्ष्यामागं त्याच्या पायाजवळचं गढूळ पाणीच येतं. लेन्स पाण्यालगत आणली की नजर सरळ पलीकडच्या काठापर्यंत जाते, आणि तिथला ऊस लांब असल्यामुळे नुसता हिरवा धूसर पडदा होतो. एकदा विजेचा खांब नेमका पक्ष्याच्या डोक्यातून उगवला होता. मी झूम फिरवत बसले आणि तुम्ही बांबूला एक रेटा दिलात. खांब बाजूला!

रोहित पक्ष्यांचं (फ्लेमिंगोंचं) गणित वेगळं. ते चरताना डोकं उलटं करून चोच पाण्यात घालतात, त्यामुळे डोळा सापडतच नाही, आणि गुलाबी गठ्ठ्यात कॅमेरा कुठंही फोकस लावून मोकळा होतो. "समद्यांच्या मागं लागू नका. एक जन मान वर काढून राखन करतोय, त्याला धरा." थव्याच्या फोटोला बघणाऱ्याची नजर टेकायला जागा लागते, हे इतक्या थोडक्यात मला कुणी सांगितलं नव्हतं. आणि पाण्यातलं प्रतिबिंब अर्ध्यात कापायचं नाही, ही तुमची दटावणी तर आता सवयच झाली आहे.

एका बाबतीत आपलं अजून जमत नाही. पक्षी फोटोत मोठा दिसलाच पाहिजे, असं तुमचं म्हणणं. मला कोपऱ्यात एवढासा सुरय पक्षी आणि बाकी सगळं पाणी, असा फोटो आवडतो. तुम्ही स्क्रीनवर बघून "ह्यात काय हाय?" विचारता. विचारत राहा, मी काढत राहीन.

सगळ्यात मोठं देणं त्या दिवसाचं. होडीतल्या एका पाहुण्यानं थवा उडवायला जादा पैसे देऊ केले. रोहित पक्ष्याला उठताना पाण्यावर धावत जावं लागतं, त्याची बरीच ताकद खर्च होते. तुम्ही पैशाकडं बघितलंही नाहीत. "पोटाला आल्यात ती," एवढंच म्हणालात आणि वल्हं मांडीवर आडवं ठेवून बसलात. पाहुणे घुश्श्यात होते. अर्ध्या तासानं थवा चरत चरत आपणहून जवळ आला. त्या सकाळचा माझा सर्वांत चांगला फोटो तेव्हाचा आहे, आणि तो मिळाला कारण आपण जागचे हललो नव्हतो.

त्या फोटोची मोठी प्रिंट काढून ठेवली आहे, पुढच्या फेरीत आणते. लेकीला सांगा, होडीत वल्हं धरून बसलेला तुमचाही एक फोटो आहे, तोही आणते. त्यात ऊन पाठीवर नाही, तोंडावर आहे, तेव्हा डोळे बारीक झालेत म्हणून तक्रार करू नका. यंदा रोहित उतरले की एक मिस कॉल द्या. पहाटेची पहिली फेरी माझ्यासाठी राखून ठेवा, शक्यतो शनिवार-रविवार सोडून.

तुमच्या होडीत पुढच्या फळीवर पालथी पडणारी,
पुण्याची ताई