एका गोलचा फरक

प्रिय अर्चे,

तब्येती सगळ्यांच्या ठीक. यांचा गुडघा होता तसाच आहे, माझी शुगर आटोक्यात आहे. झालं. आता मुद्द्याचं ऐक.

आमच्या ईराचा आइस हॉकीचा संघ गटात पहिला आला, हे तुला फोटोंवरून कळलंच. तू लगेच बदाम पाठवलेस, तुझ्या स्वभावाप्रमाणे अठरा-वीस. पण त्या फोटोंत जे दिसत नाही ते लिहायला बसले आहे, कारण ते दुसऱ्या कुणाला सांगून उपयोग नाही. यांना सांगितलं तर म्हणाले, "अगं, पण पदक मिळालं ना?" तू शाळेत दुसरी गोलकीपर होतीस. पॅड बांधून, हेल्मेट मांडीवर घेऊन बसून राहायचं म्हणजे काय, ते तुला कळतं.

तुला आधी सांगितलं होतं तसं, ही ती टीव्हीवर दिसणारी स्पर्धा नव्हे. मुलींची अठरा वर्षांखालची जागतिक स्पर्धा २००८ साली कॅलगरीत सुरू झाली. तिच्या वरच्या गटात आठ संघ असतात, अमेरिका आणि कॅनडा तिथे एकमेकींना भिडतात. आम्ही त्याच्या बरेच खाली. पायरीखाली पायरी असे गट आहेत. कधी पोलंडमधल्या कातोवित्सेला, कधी स्कॉटलंडमधल्या डम्फ्रीसला, कधी स्पेनमधल्या हाकाला असे हे खालचे सामने होत आलेत. मेक्सिको सिटीतही झालेत. समुद्रसपाटीपासून सव्वादोन हजार मीटर उंचीवर पोरींनी कसा श्वास घेतला असेल, देव जाणे. प्रेक्षकांत निम्मे आईबाप आणि बाकीची दुपारच्या सामन्याला वर्गासकट आणून बसवलेली शाळेची पोरं. ती पोरं मात्र घसा फुटेस्तोवर ओरडतात, कुणासाठी ते त्यांनाही ठाऊक नसतं. प्रत्येक गटातला पहिला संघ वर जातो, शेवटचा खाली. बस. पण त्या आठवड्यात त्या वीस मुलींना जगात दुसरं काही नसतं, अर्चे. सामना संपला की दोन्ही संघ निळ्या रेषांवर ओळीने उभे राहतात आणि जिंकलेल्या देशाचं राष्ट्रगीत वाजतं. दरवेळी, प्रत्येक सामन्यानंतर. मला त्याची सवय होत नाही. मी रडते आणि हे माझ्याकडे बघून दुसरीकडे बघतात.

तर, दुसरा सामना. आमच्या गटात पाच संघ. दोघे कच्चे, उरलेले आम्ही तिघे तुल्यबळ. त्या दिवशी समोर आला तो तिघांतला सगळ्यात आडदांड. आमची पहिली गोलकीपर चांगली आहे, मनापासून सांगते, गुणी मुलगी आहे. पण तो दिवस तिचा नव्हता. वीस-वीस मिनिटांच्या तीन पिरियडांतल्या दुसऱ्याच्या मध्यापर्यंत पाच गोल. कोचने बेंचकडे नुसती मान हलवली आणि ईरा उठली. तासभर ती बदली खेळाडूंसाठी बेंचचं दार उघडत-मिटत बसली होती. अंग थंड पडलेलं. आल्या आल्या पहिलाच शॉट हातावरच्या ब्लॉकरला लागून वर उडाला, आणि माझ्या पोटातलं सगळं वर आलं.

त्यानंतर तिने एकही गोल जाऊ दिला नाही. १९ शॉट अडवले. एकदा तर पक, म्हणजे ती रबरी चकती, तिच्या मागे गोलरेषेवर लोळत होती आणि ती पोटावर पडून ग्लव्हने ती चाचपडत होती, तेव्हा मी शेजारच्या बाईंचा हात इतका दाबला की त्यांनी मला पुढच्या सामन्याला दोन खुर्च्या सोडून बसवलं. निवेदकाने तिचं आडनाव तीन तुकड्यांत तोडून उच्चारलं, तरी मी टाळ्या वाजवल्या. आम्ही २-५ हरलो. हरलेल्या सामन्यातल्या शेवटच्या तीस मिनिटांकडे कोण लक्ष देतं? पुढच्या सामन्याला पुन्हा पहिली गोलकीपर उतरली. तिने तिसऱ्या तगड्या संघाला ४-० ने हरवलं आणि सामन्यातल्या आमच्या सर्वोत्तम खेळाडूचं बक्षीस घेतलं. अगदी रास्त होतं. ईरा सगळ्यात मोठ्याने ओरडत होती.

आता इथे नीट लक्ष दे. तुझं गणित माझ्यापेक्षा बरं. शेवटच्या दिवशी आमचे सामने संपलेले, आम्ही प्रेक्षकांत. खाली ते दोघे एकमेकांशी खेळत होते. ज्यांना आम्ही हरवलं होतं, ते ज्यांनी आम्हाला हरवलं त्यांना हरवत होते. तीन संघांचे गुण सारखे होण्याच्या बेतात होते. अशा वेळी बाकीच्या दोन संघांविरुद्धचे गोल मोजत नाहीत. त्या तिघांतले आपापसांतले सामनेच बघतात, आधी गुण, मग गोलफरक. आमचा पहिला फरक उणे तीन, दुसरा अधिक चार, म्हणजे अधिक एक. समोर ३-० झालं होतं. तसंच संपलं तर आडदांडांचा फरक शून्य, तिसऱ्यांचा उणे एक.

एक गोल, अर्चे. ईराने त्या तीस मिनिटांत एक गोल जरी जाऊ दिला असता, तरी आम्ही शून्यावर आलो असतो आणि ते अधिक एकवर जाऊन पहिले झाले असते.

शेवटच्या दोन मिनिटांत आडदांडांनी गोलकीपर काढून सहावी खेळाडू आत आणली. एक गोल पुरे होता त्यांना आम्हाला गाठायला. त्यांनी काय काय नाही केलं! पक खांबाला लागली तो आवाज मला अजून ऐकू येतो. हॉर्न वाजला, आणि आमच्या मुली खुर्च्यांवरून एकमेकींवर पडल्या. मी ईराकडे पाहिलं. ती बोटांवर मोजत होती. मग तिने माझ्याकडे पाहिलं. तिला कळलं होतं. मला कळलं होतं. बाकी कुणाला कळलं की नाही, मला माहीत नाही. भाषणांत झालं नाही तिचं नाव. तक्त्यात तिच्या नावापुढे हरलेला सामना आहे, आणि तोही अर्धाच.

तू त्या आंतरशालेय फायनलनंतर माझ्याशी दोन महिने बोलली नव्हतीस. कॅप्टन म्हणून मीच बापटसरांच्या कानात सांगितलं की सुजाताला उतरवा, असं तुझं म्हणणं. मी त्यांना काहीही सांगितलं नव्हतं. हे मी तेव्हाही म्हटलं, आजही म्हणते, आणि तू आजही मानत नाहीस. पण तेव्हा तुझा राग मला समजला नव्हता. परवा त्या खुर्चीत बसून समजला. बसवून ठेवण्याचा राग नसतो तो. आपण काय केलं हे कुणी पाहिलंच नाही, याचा असतो. बरोबर ना?

आणि खरी काळजी इथूनच पुढे आहे. ईरा २००८ ची. या वयोगटात तिचं हे शेवटचं वर्ष. वरच्या गटात जो संघ पुढच्या वर्षी जाईल त्यात ती नसेल. ज्या पायरीवर तिने सगळ्यांना चढवलं, तिथे ती स्वतः कधीच उभी राहणार नाही. याला मी काय म्हणू? त्यात त्याच वर्षी जन्मलेली ती स्लोवाकियाची नेला लोपुशानोव्हा, स्वीडनमधल्या एस्तरसुंदला २०२३ साली चौदाव्या वर्षी वरच्या गटातली सर्वोत्तम खेळाडू ठरली. ईराच्या कपाटावर तिचा फोटो आहे. असूया नाही गं, प्रेमाने लावलाय. पण मी तिची खोली आवरताना त्या फोटोकडे बघते आणि मला कसंतरी होतं.

मुलांना अठरानंतर वीस वर्षांखालची स्पर्धा असते. मुलींना तसली जागतिक स्पर्धाच नाही. अठरा झाली की थेट मोठ्या बायकांचा संघ. तिथे तिशीच्या, दहा-बारा वर्षं खेळलेल्या बाया. आणि गोलकीपर म्हणजे बर्फावर एकच जागा! फॉरवर्डना निदान चौथ्या फळीत तरी मिनिटं मिळतात. अमेरिकेच्या कॉलेजांत खेळायला जावं तर तिथे निवडणारे वरच्या गटाचे सामने बघतात, आमचे कोण बघणार? मुली खेळत राहत नाहीत म्हणून सगळे ओरडतात, पण त्यांनी खेळायचं कुठे, ते कुणी सांगत नाही.

मी जरा जास्तच चिडले आहे, पण मला चिडू दे. तिच्या संघातल्या एका मुलीची मोठी बहीण २००३ ची. २०२१ साली साथीमुळे मुलींची अठराखालची स्पर्धा रद्द केली, आणि त्याच मोसमात मुलांची वीसखालची एडमंटनला झाली, अठराखालची टेक्सासला झाली. तिचं शेवटचं वर्ष असंच गेलं. २०२२ च्या जानेवारीतही आधी सगळं रद्दच केलं होतं, लोकांनी आरडाओरडा केला तेव्हा वरचा गट जूनमध्ये विस्कॉन्सिनला भरवला. ती मुलगी आता स्केट्सना हात लावत नाही. परवा सामना बघायला आली होती, शांतपणे बसली होती. तिच्या आईशी मी बोलले, आणि तेव्हापासून मला झोप नाही.

कारण ईरा म्हणतेय, बास. मोठ्या संघाच्या कोचने तिला उन्हाळी शिबिराला बोलावलंय. तिसरी गोलकीपर म्हणून! म्हणजे बेंचवरसुद्धा नाही, सरावात शॉट झेलायला. ती म्हणाली, "आई, मला जे करायचं होतं ते झालं." हे ती रडून म्हणाली असती तर मी समजूत घातली असती. ती अगदी शांत होती, कपाट लावता लावता म्हणाली. यांचं मत, पोरीला अभ्यास करू द्या. सासूबाईंचं मत, एवढ्या थंडीत कशाला. माझं मत मला सापडत नाही. तिने थांबावं असं मनातून वाटत नाही, पण अजून सहा-सात वर्षं तिने दार उघडत-मिटत बसावं असं मी कुठल्या तोंडाने सांगू? जपानच्या मुली वरून खाली, खालून वर अशा फेऱ्या मारत राहिल्या आणि २०२० ला लोझानच्या युवा ऑलिंपिकमध्ये सुवर्ण घेऊन गेल्या, हे मी तिला ऐकवलं. ती म्हणाली, "त्यातली दुसरी गोलकीपर कोण होती, सांग." मला सांगता आलं नाही.

तू दहावीनंतर सोडलंस. तुला नंतर वाईट वाटलं का, हे मी कधी विचारलंच नाही, आपण बोललो ते फक्त बापटसरांवरून भांडायला. मला सांगू नकोस, तिला सांग. तिला फोन कर. मी पत्र लिहिलंय हे कळलं तरी चालेल. जे वाटलं असेल ते खरं सांग. सोडून बरं केलं असं वाटत असेल तर तसंही सांग, मी भांडणार नाही. शिबिराचं उत्तर महिनाअखेरपर्यंत कळवायचंय, म्हणून त्याआधी कर. आणि त्या १९ शॉट्सबद्दल तिला विचार. एकेक आठवेल तिला, मला खात्री आहे. तुला अजून सुजाताच्या जागी उतरलेला तो एक सामना आठवतो तसा.

तुझ्या बदलीचं काय झालं? आईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं का? निखिलला परीक्षेसाठी शुभेच्छा, त्याला म्हणावं मावशी विसरलेली नाही. कुंदाच्या घरचं कळलं, तिला वेगळं लिहिते. तुझ्या नव्या घराचे फोटो पाठवणार होतीस त्याला वर्ष झालं.

फोन विसरू नकोस.

तुझी,
वैशू